रुसलेला जावई आणि शेवटची बंडी

साठ सालच्या आगेमागे, एका हिवाळी संध्याकाळी, माझा नवरा माझ्या वडिलांच्या अंगावर मोटर घालता घालता राहिला. दोघांत भांडण नव्हतं. उलट आमच्या वऱ्हाडात सासऱ्या-जावयात असावा तेवढा आदबीचा दुरावा दोघांत पुरेपूर होता. वडील त्याला 'जवाईबुवा' म्हणत, तुमी-तुमी करत, आणि तो घरात असला की खाटेवर आडवे होत नसत. तो त्यांना 'मामाजी' म्हणे आणि पुढं काय बोलावं ते न सुचून डोक्यावरची टोपी नीट करत बसे.

मी त्याला जन्मभर 'अहो' म्हणत आले, पण लिहिताना 'तो'च म्हणणार. इतकी वर्षं त्याच्यासाठी भाकरी थापल्यावर एवढा हक्क मला असायला हरकत नाही.

तो सरकारी मोटरीवर ड्रायव्हर होता. संध्याकाळी अमरावतीहून परतवाड्याला जाणारी मोटर त्याच्याकडे असायची. माझं माहेर त्याच रस्त्यावर, वलगावच्या थोडं पुढं. कापसाचे दिवस आले की आमच्या गावच्या बैलबंड्या पहाटेच भरून अमरावतीच्या बाजाराला निघत आणि दिवस मावळायच्या सुमारास रिकाम्या परत फिरत. परत येताना एकही माणूस जागा नसे. बैलांना घरचा रस्ता पाठ, त्यात माणसांच्या पोटात बाजारातली भजी गेलेली, मग बंडीत घोंगडी अंथरून सगळे धुरकरी, म्हणजे बंडी हाकणारे, सरळ झोपत. रस्ता डांबरी झाल्यापासून चाक हलकं चालायचं, म्हणून बैलही शहाण्यासारखे कडेची माती सोडून रस्त्याच्या मधून चालत. बंडीच्या मागं ना दिवा ना काही.

त्या संध्याकाळी माझ्या नवऱ्याला रस्ता रिकामा दिसत होता. तिन्हीसांजेची ती वेळच वाईट. मोटरीचा दिवा लावला तरी उजेड पडत नाही आणि न लावला तरी निभत नाही. अचानक समोर एक फळी दिसली. त्याने जीव खाऊन ब्रेक दाबला. मोटरीत माणसं एकमेकांच्या मांडीवर गेली, कुणाच्या तरी टोपलीतली संत्री पार पुढपर्यंत घरंगळत आली. तो उडी टाकून खाली उतरला. मोटरीचं नाक बंडीला जवळजवळ टेकलं होतं. बाजारात उशीर झाल्याने ती बंडी त्या दिवशी एकटीच मागं राहिली होती आणि तिच्यात घोंगडी पांघरून माझे वडील घोरत होते.

गडबडीने त्यांना जाग आली. डोळे चोळून त्यांनी समोर जावई पाहिला आणि धडपडत उठून बसले.

"जवाईबुवा! कवा आले? चाला, घरी चाला, जेवून जा!"

हे मला नवऱ्याने दुसऱ्या दिवशी सांगितलं तेव्हा मी इतकी हसले की शेजारीण डोकावून गेली. तो हसला नाही. भाकरीचा तुकडा त्याने हातातच धरून ठेवला होता.

"मी अकोल्याले बदली मागतो," तो म्हणाला.

"अकोल्याले काहून?"

"तिकडच्या रस्त्यावर तुहा बाप नाही."

मग मात्र माझं हसू गेलं. आणि हसू गेलं की मला राग येतो, हा माझा जुना स्वभाव आहे. मी म्हटलं, "तुमी अकोल्याले जासान. मंग या मोटरीवर दुसरा डायवर येईन. तो माह्या बापाले पाहून ब्रेक मारन काय?" त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की माझं चित्त घरात लागेना. माझा एक जीव मोटर घेऊन निघालेला आणि दुसरा तिच्या पुढं झोपलेला.

पुढच्या आठवड्यात मी माहेरी जाऊन वडिलांशी भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

"बैलाले रस्ता मालूम हाये," ते म्हणाले.

"पन मोटरवाल्याले बैल दिसत नाही ना बाबा!"

"नाही दिसत त त्यानं हळू जावं. मी जलमभर याच रस्त्यानं झोपत आलो. रस्ता आमचा जुना हाये, मोटर काल आली."

पुढं ते म्हणाले, की त्यांच्या जोडीएवढी देखणी जोडी साऱ्या पंचक्रोशीत नाही. ती ज्याला दिसत नाही त्याचे डोळे तपासायला पाहिजेत. बैलांचा विषय निघाला की माझ्या वडिलांशी बोलण्यात अर्थ नसे. मी परत आले.

अमरावतीत आम्ही ज्या घरात भाड्याने राहत होतो, तिथं पुढच्या खोलीत पुण्याकडचे एक प्राध्यापक राहायला होते. कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवत. एकटे होते, खाणावळीत जेवत. राहायला आले त्या दिवशी मी आपुलकीने "काहून आले?", म्हणजे कसं येणं केलं, असं विचारलं, तर बिचारे ट्रंक उचलून परत निघाले होते. आमचं साधं बोलणंही त्यांना भांडण वाटायचं. हळूहळू त्यांच्या कानाला सवय झाली आणि आमच्या ओट्यावर संध्याकाळचा चहा प्यायला येऊ लागले.

त्यांनी बंडीची गोष्ट ऐकली आणि चहा तसाच ठेवला.

"बंडी तुम्हाला नेमकी किती अंतरावरून दिसली?" त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं.

"दिसली तवा ब्रेक मारला, सर."

"तेच तर! ती आणखी लांबून कशी दिसेल, हे कुणी पाहिलंय का? आपण प्रयोग करून बघू."

प्रयोग म्हणजे काहीतरी काचेच्या नळीत होतो, असं मला तोवर वाटायचं. प्राध्यापकांनी मात्र झपाटल्यासारखं काम सुरू केलं. डेपोतल्या साहेबांना जाऊन भेटले. साहेबांनाही बंड्यांचा घोर होताच. त्यांनी एका रविवारी एक जुनी मोटर द्यायचं कबूल केलं. कॉलेजची चार पोरं अंतर मोजायची साखळी घेऊन यायला तयार झाली. मोटर माझा नवरा चालवणार होता. रस्त्यावर उभ्या करायच्या बंड्या तेवढ्या राहिल्या आणि त्या आणायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

मी वडिलांना त्यांना समजेल अशा भाषेत सांगितलं. "कोनाची बंडी मोटरीतून जास्त लांबून दिसते, ते पाहाले कॉलेजचे सर येनार हायेत."

यात मी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. पण गावाने त्याचा शंकरपट करून टाकला. शंकरपट म्हणजे आमच्याकडची बैलांची शर्यत. गावात शर्यत म्हटलं की माणूस जेवण विसरतो. कुणाची जोडी सगळ्यात लांबून दिसते, याची शर्यत! रविवारी आम्ही पोचलो तर गावाबाहेर पोळा भरलेला. बैलांना आंघोळी घातलेल्या, अंगावर झुली, शिंगांना बेगड, गळ्यात घुंगरमाळा, कपाळावर रंगीत गोंडे. वडिलांच्या जोडीच्या शिंगांवर तर मोराची पिसं होती. बाया नवी लुगडी नेसून आल्या होत्या. पाटलांनी निकाल ऐकायला खुर्ची मागवली होती.

प्राध्यापकांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "हे काय आहे?" त्यांनी मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "सर, आता काई बोलू नका."

सूर्य बुडाला तशा बंड्या रस्त्यावर लांब लांब अंतराने उभ्या केल्या. मोटर मागून येणार होती. मी आणि प्राध्यापक ड्रायव्हरच्या पाठीमागच्या बाकावर बसलो. बंडी नजरेस पडली की माझा नवरा 'दिसली' म्हणून ओरडणार आणि मोटर तिथंच थांबवणार, मग पोरं तिथून साखळी लावणार, असं ठरलं होतं.

मोटर निघाली. आम्ही डोळे ताणून बसलो होतो. आणि मग माझ्या लक्षात आलं, की गावाने दिवसभर खपून जे काही सजवलं होतं, ते सगळं बैलांच्या अंगावर, म्हणजे बंडीच्या पुढच्या बाजूला होतं. मागून दिसत होती ती फक्त उन्हापावसाने करडी झालेली फळी आणि तिच्यावर बसलेली रस्त्याची धूळ. रस्ता आणि बंडी यांचा रंग एकच होता. वडिलांच्या बंडीजवळ तर आम्हाला आधी घुंगरं ऐकू आली आणि बंडी नंतर दिसली. पिसं लावलेली ती जोडी त्या दिवशी सगळ्यात उशिरा दिसली.

एकच बंडी अशी निघाली की माझा नवरा लांबूनच ओरडला, "दिसली! ते पाहा, पांढरं!"

ती बंडी गावातल्या एका तरुण शेतकऱ्याची होती. छप्पन साली त्याच्या घरच्यांनी बौद्ध धम्म घेतला होता. त्याने बैल काही सजवले नव्हते. दुपारी विहिरीवर आंघोळ करून धोतर धुतलं आणि ते वाळत नाही म्हणून बंडीच्या मागच्या खुंटाला बांधून तो तसाच आला होता. ते धोतर संधिप्रकाशात निशाणासारखं दिसत होतं.

निकाल ऐकून गावात गहजब झाला.

"हे बेइमानी हाये! धोतर नाही चालत!"

"मले काय मालूम?" तो तरुण म्हणाला. "वलं होतं, म्हून टांगलं."

प्राध्यापक त्या धोतराभोवती फिरत होते. कापडाला हात लावून पाहत होते, लांब जाऊन पाहत होते, परत येत होते. एवढा आनंद मी त्यांच्या तोंडावर आधी पाहिला नव्हता. इकडे माझे वडील बैलांच्या पाठीवर हात ठेवून फुगून उभे.

"माह्या जोडीत काय कमी हाये, ते सांगा मले!"

तेव्हा माझा नवरा टोपी नीट करत पुढं झाला.

"मामाजी, जोडी लय सुंदर हाये. पन मी मांगून येतो."

आता हे कुणालाही कळण्यासारखं होतं, पण आमच्या गावाला तोवर ते सुचलंच नव्हतं. बैल पाहायचा तो समोरून. लग्नाची वरात असो, पोळा असो, पाहणारा समोर उभा असतो. बंडीला पाठ असते आणि त्या पाठीकडे कुणीतरी घाबऱ्या जिवाने पाहत येत असतं, हा विचारच नवा होता. पाटील खुर्चीवरून उठले आणि स्वतः मोटरीत येऊन बसले. मग बाकीचेही पाळीपाळीने बसले. ड्रायव्हरच्या मागून रस्ता पाहिल्यावर एकेकाचा चेहरा पाहण्यासारखा होत होता.

तो रविवार आणि पुढचे दोनतीन रविवार आम्ही हेच केलं. फळ्यांना चुना लावून पाहिला, तो बरा दिसला. बंडीच्या खाली आसाला कंदील टांगायची जुनी रीत होती, पण तो चाकांच्या आड जायचा. तोच मागच्या खुंटाला, तांबडा कागद लावून टांगला तर मोटरीतून पार लांबून दिसला. शेवटी तिथंच रस्त्याच्या कडेला, मोटरीजवळ गाव बसलं आणि ठरवलं. सगळ्या फळ्यांना चुना. बंड्यांनी परत येताना एका रांगेत, रस्त्याच्या डाव्या कडेने यायचं. आणि रांगेतल्या शेवटच्या बंडीला तांबडा कंदील. तो विझू नये म्हणून त्या बंडीचा माणूस जागा राहील.

इथपर्यंत सगळं गोडीत झालं. मग कुणीतरी विचारलं, शेवटची बंडी कुणाची?

रांगेतली जागा ही आमच्याकडे साधी गोष्ट नव्हती. पोळ्याला पाटलांची जोडी पहिली, तिच्यामागं माझ्या वडिलांची, आणि पुढं सगळी ठरलेली उतरण. रस्त्यानेही बंड्या त्याच क्रमाने चालत. शेवटची जागा कुणावर लादली जायची ते सांगायला नको. सगळ्यांच्या माना त्या धोतरवाल्या तरुणाकडे वळल्या. त्याने ते पाहिलं.

"कंदील लावाले मी कवाई तयार हाये," तो म्हणाला. "पन मांगं राह्याचं आमी सोडलं. ते आता कोनी सांगू नका."

त्याचं म्हणणं सोळा आणे खरं होतं, आणि ते सगळ्यांना माहीत होतं. दुसऱ्या कुणाचं नाव घ्यावं तर तो म्हणे, माहीच काहून? पाटील जमिनीकडे पाहू लागले. माझे वडीलही. कंदील मधे ठेवलेला होता आणि त्याला हात लावायला कुणी तयार नव्हतं. एवढ्याशा मानापायी सगळं फिसकटणार, आणि मग पुन्हा तीच झोपलेली बंडी आणि तीच संध्याकाळची मोटर, असं माझ्या डोळ्यांपुढं आलं.

तेवढ्यात माझ्या नवऱ्याने टोपी काढली, खाली ठेवली आणि भर रस्त्यात मोटरीपुढं मांडी घालून बसला.

"मी रुसलो," तो म्हणाला.

लग्नात नवरदेव पंगतीला रुसतो, ही आमची रीत. तो घास घेत नाही आणि सासऱ्याने 'काय पायजे जवाईबुवा' म्हणत मनधरणी करायची. मग घड्याळ, सायकल, जे काय मागेल ते द्यायचं. सासऱ्याला चारचौघांत नाही म्हणता येत नाही. माझा नवरा आमच्या लग्नात रुसलाच नव्हता. ताट आलं आणि हा गडी जेवायला लागला. वडिलांनी घड्याळ आणून ठेवलं होतं ते तसंच राहिलं, आणि गावाने कित्येक दिवस 'भोया जवाई', म्हणजे भोळा जावई, म्हणून त्याची चेष्टा केली होती.

"काय झालं जवाईबुवा?" वडील गोंधळून गेले.

"लग्नात रुसाचं राह्यलं होतं, मामाजी. आता रुसलो."

सगळं गाव खो खो हसलं. बाया तोंडाला पदर लावून पुढं सरकल्या. प्राध्यापकांना काहीच कळेना. हा प्रयोगाचाच भाग आहे का, असं ते एका पोराला विचारत होते.

"उठा ना! काय पायजे? घड्याळ देतो. सायकल पायजे?"

"तुमची बंडी सगळ्यात मांगं पायजे. कंदील तुमच्या हाती, अन् तुमी जागे."

हसणं थांबलं. वडिलांचा चेहरा तांबडा झाला. त्यांच्या जोडीपुढं पाटलांशिवाय कुणाची जोडी कधी गेली नव्हती. त्यांनी बैलांकडे पाहिलं.

"हे काय मांगनं होय, जवाईबुवा?"

"मले दुसरं काईच नाही पायजे." तो खाली बघून बोलत होता. "त्या दिशी ब्रेक लागला नसता, त मी हिले कोन्तं तोंड दाखवलं असतं, मामाजी?"

मला रडू आलं. लपवायचं काही कारण नव्हतं, मी सगळ्यांसमोर रडले. या माणसाच्या मनात केवढी भीती बसली होती ते मला त्या क्षणी कळलं, आणि त्याच्यावर फार माया दाटून आली.

वडिलांनी वाकून त्याची टोपी उचलली, धूळ झटकली.

"उठा," ते म्हणाले. "कपडे मातीनं मयते."

मग त्यांनी कंदील उचलला. तो बौद्ध तरुण त्यांच्याजवळ आला. "काका, मी मांगं राहनार नाही. पन तुमच्या पुढं चालतो. बोलत जाऊ, झोप येनार नाही." वडिलांनी मान हलवली. त्या हिवाळ्यात दोघांच्या इतक्या गप्पा झाल्या की वडील घरी येऊन त्याचे विचार आम्हालाच ऐकवू लागले.

पुढं आजूबाजूच्या गावांनीही चुना लावला. प्राध्यापकांनी या सगळ्यावर इंग्रजीत एक निबंध लिहिला. त्यात धोतराचा उल्लेख नुसता 'पांढरे कापड' असा होता, याचं मला वाईट वाटलं. अकोल्याच्या बदलीचं नाव नवऱ्याने पुन्हा काढलं नाही.

होळीच्या सुमारास मी पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी निघाले. संध्याकाळची त्याचीच मोटर होती. मी त्याच्या मागच्या बाकावर बसले होते. वलगाव मागं पडलं आणि अंधारून आलं. मी रस्त्याकडे पाहत होते, तोच तो म्हणाला, "ते पाह्य." लांबवर एक तांबडा ठिपका हलत होता. त्याने तेव्हापासूनच मोटर हळू केली. इतकी हळू, की मोटरीतली माणसं कुरकुरायला लागली.

जवळ आल्यावर वडील दिसले. बंडीत मागं तोंड करून, कंदिलाची वात सारखी करत ताठ बसले होते. मोटरीच्या दिव्याने त्यांचे डोळे दिपले होते. आत कोण आहे ते त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. आमची मोटर बाजूने अदबीने जात असताना ते हात उगारून ओरडले.

"अबे ए! हळू हाक ना! डोये फुटले काय तुहे?"

माझा नवरा हसायला लागला. हसता हसता त्याला डोळे पुसावे लागले. बाजूच्या बाकावरच्या उतारूने विचारलं, "कोन होता जी तो बुढा?"

"माहे मामाजी."

"सासरा? अन् जवायाले 'अबे' म्हनते?"

"म्हनू द्या जी," माझा नवरा म्हणाला. "म्हनाले जागे बसले हायेत ना."